हार्डडिस्क उघडत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी थांबा

लग्नाची शूटिंग, वास्तुशांतीचे फोटो, गेलेल्या आजोबांचा आवाज, बचत गटाचे हिशेब, स्कॅन करून ठेवलेले मोजणीचे कागद. गावात आता हे सगळं तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत असतं. एक दिवस ती डबी लॅपटॉपला लावली की फोल्डर दिसायच्या ऐवजी एक चौकट समोर येते: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं असतात, एक ‘फॉरमॅट डिस्क’ आणि दुसरं ‘कॅन्सल’. दाबायचं आहे ते दुसरं.

चौकट आली म्हणजे फायली गेल्या, असं समजून लोक घाबरतात. तसं नसतं. चौकट येते तेव्हा बऱ्याचदा फायली जागेवरच असतात. त्या कायमच्या जातात त्यानंतरच्या तासाभरात, घाईघाईनं केलेल्या उद्योगांमुळे. कुणी फॉरमॅट मारतो, कुणी सापडेल ते सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकतो, कुणी ओळखीचा पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. फोटो स्टुडिओवाले, सेवा केंद्र चालवणारे आणि घरी डिस्क ठेवणारे, सगळ्यांना लागू पडेल अशी ही माहिती आहे.

डिस्क बिघडते म्हणजे काय होतं

गावचं रेकॉर्ड खराब झालं म्हणून रान कुठं जात नाही. जमीन जागेवरच असते, फक्त कोणता गट कुणाचा आणि कुठून कुठपर्यंत, हे सांगणारा कागद राहत नाही. हार्डडिस्कचंही तसंच आहे. फायली एकीकडे असतात आणि कोणती फाईल कुठं ठेवली याची नोंदवही दुसरीकडे. या नोंदवहीला फाईल सिस्टिम म्हणतात. नोंदवहीचं पहिलं पान फाटलं तरी विंडोजला काहीच वाचता येत नाही आणि ते सरळ म्हणतं, फॉरमॅट करा. म्हणजे जुनी वही टाकून द्या, नवी कोरी घ्या.

फाईल डिलीट केली तरी हेच होतं. हार्डडिस्कवरून फाईल पुसली जात नाही, नोंदवहीत ती जागा मोकळी असल्याची खूण होते. त्या जागेवर नवीन पेरणी झाली, म्हणजे दुसरी फाईल येऊन बसली, की जुनं पीक गेलं. म्हणून फायली गायब झाल्या की त्या डिस्कवर काहीही नवीन टाकायचं नाही. एक गाणंसुद्धा नाही.

नोंदवही बिघडते कशानं? कॉपी चालू असताना लाईट जाते, टीव्हीवर पिक्चर बघून झाला की डिस्क तशीच ओढून काढली जाते, वायर ढिली असते. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत बदलांची कच्ची नोंद आधी करून ठेवते, त्यामुळे अशा झटक्यातून ती बऱ्यापैकी सावरते. कॅमेरा, टीव्ही आणि मोबाईलला चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते, तिला हे संरक्षण नाही. स्टुडिओवाल्यांच्या डिस्का जास्त वेळा ‘उडतात’, त्याचं हे एक कारण आहे.

हा झाला नोंदींचा बिघाड. दुसरा प्रकार यंत्राच्या बिघाडाचा. डबीच्या आत चकचकीत तबकड्या असतात. लहान डिस्कमध्ये त्या बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे मारतात आणि माहिती वाचणारं हेड तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. चालू डिस्क टेबलावरून पडली किंवा गाडीच्या डिक्कीत आपटत राहिली, की हे हेड बिघडतं किंवा तबकडीला घासतं. इथं कोणतंही सॉफ्टवेअर कामाचं नाही.

दोन्हीतला कोणता बिघाड आहे हे ओळखलं की अर्धं काम झालं.

आधी कान द्या, मग वायर बघा

डिस्क लावल्यावर कानाजवळ घ्या. बारीक, एकसारखी घरघर येत असेल तर ठीक. टक-टक, टक-टक असा ठरावीक आवाज, खरवडल्यासारखा आवाज किंवा बारीक बीप येत असेल तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. ‘अजून एकदा बघू’ म्हणून दहा वेळा लावल्यावर जी तबकडी वाचली असती तीही घासून निघते. अशा वेळी खाली लॅबबद्दल दिलं आहे तिकडं जा, मधला मजकूर तुमच्यासाठी नाही.

आवाज नीट असेल तर पहिला संशय वायरवर घ्यायचा. एक्स्टर्नल डिस्कची ती रुंद, चपटी पिन फार लवकर ढिली होते. तसलीच दुसरी वायर मागून आणा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टला न लावता पाठीमागच्या पोर्टला लावा, हबला लावू नका. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून ९००. काही डिस्कना पहिला पुरत नाही, मग त्या चालू-बंद होत राहतात आणि मालक समजतो डिस्क गेली. दुसऱ्या लॅपटॉपलाही लावून बघा. एवढ्यावर काम भागलं तर पैसे वाचले, पण फायली मात्र त्याच वेळी दुसरीकडे काढून घ्या.

मोबाईलला लावताना

आजकाल ओटीजी केबलनं हार्डडिस्क थेट मोबाईलला लावतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनना एनटीएफएस वाचता येत नाही. मग वर सूचना येते की ही ड्राइव्ह चालत नाही, सेट अप करा. ती सूचना दाबून पुढं पुढं गेलं की शेवटी फॉरमॅटच होतं. चांगली डिस्क अशानं हातानं रिकामी होते. शिवाय मोबाईलच्या पोर्टमधून फिरत्या डिस्कला पुरेसा करंट मिळतोच असं नाही. डिलीट झालेले फोटो परत आणून देतो म्हणणारी मोबाईल ॲप बहुतेक करून फोनमध्ये उरलेले लहान, अंधूक फोटोच दाखवतात. हार्डडिस्कसाठी त्यांचा उपयोग नाही. हे काम कॉम्प्युटरवरच करायचं.

फायली गेल्या की लपल्या?

सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह, डिस्क फिरवून आणली आणि सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, हा प्रकार अनेकांनी बघितला असेल. काहींना डिस्क रिकामी दिसते, पण जागा मात्र भरलेली दाखवते. हा व्हायरसचा खेळ आहे. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, नाहीतर व्हायरस त्या कॉम्प्युटरमध्येही घुसतो. आधी अँटिव्हायरसनं तपासणी करा. मग विंडोजच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा, आणि फोल्डर ऑप्शनमध्ये संरक्षित सिस्टिम फायली लपवण्याची खूण काढून टाका. बऱ्याच वेळा एक बिननावाचा फोल्डर दिसतो आणि त्याच्या आत सगळं तसंच असतं. या कामाचे हजार-दोन हजार मागणारे आहेत, म्हणून सांगितलं.

डिस्क किती जागा दाखवते ते बघा

विंडोजच्या स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. १ टीबीची डिस्क तिथं सुमारे ९३१ जीबी दाखवते, ते बरोबर आहे, मोजायची पद्धत वेगळी असते. डिस्कची जागा पूर्ण दिसते, पण समोर ‘रॉ’ किंवा ‘अनॲलोकेटेड’ लिहिलंय, तर नोंदवही बिघडली आहे आणि आशा चांगली आहे. जागा शून्य दिसते किंवा भलतीच दिसते, तर यंत्रात बिघाड समजा. ‘इनिशियलाइज’ करू का असं विचारलं तर तिथंही कॅन्सल.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कची तब्येत रंगानं दाखवतं. निळा म्हणजे बरी, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पिवळा किंवा लाल दिसला तर डिस्कवर जास्त वेळ शोधाशोध करू नका, तिच्याकडून एकदाच काम करून घ्यायचं आहे.

इथं एक खास इशारा. विंडोज स्वतःहून सांगतं की डिस्कमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करा. गावातले जाणकार ‘चेकडिस्क मार’ म्हणतात. चेकडिस्कचं काम नोंदवही जुळवणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही. जुळत नाही ती नोंद ते काढून टाकतं आणि उरलेले तुकडे बिननावाच्या फायली करून एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये टाकतं. दगावत असलेल्या डिस्कवर त्याचा ताणही मोठा पडतो. फायली बाहेर काढून झाल्यावर खुशाल चालवा, त्याआधी नाही.

आधी नक्कल, मग शोध

डेटा काढणारे अनुभवी लोक मूळ डिस्कवर काम करतच नाहीत. आधी तिची जशीच्या तशी नक्कल घेतात, जिला इमेज म्हणतात, आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करतात. चुकलं तर नक्कल पुन्हा वापरता येते, मूळ डिस्कला धक्का लागत नाही. यासाठी तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची दुसरी डिस्क लागते. नवीन डिस्कचा खर्च येतो म्हणून लोक हा टप्पा गाळतात आणि तिथंच फसतात. ती डिस्क पुढं वापरायला राहतेच की.

खराब होत चाललेल्या डिस्कची नक्कल घ्यायला डीडीरेस्क्यू हे फुकट साधन चांगलं. पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स चालू करून ते वापरतात. ते सोपे भाग आधी उचलतं, अडलेले भाग मागं ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडं परत येतं. कुठवर झालं याची नोंद ठेवायला सांगितली असेल तर मधेच लाईट गेली तरी पुढं तिथूनच सुरू करता येतं. आपल्याकडच्या लाईटच्या वेळापत्रकात ही सोय सोन्यासारखी आहे. मात्र त्याचे हुकूम टाइप करावे लागतात आणि मूळ डिस्क कोणती व नवी कोणती यात उलटापालट झाली तर सगळं संपलं. लिनक्सची सवय असलेला माणूस सोबत असेल तरच हात घाला.

वेळेचा अंदाज घेऊन बसा. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २ पोर्टवर आठ-नऊ तास जातात. डिस्क आजारी असेल तर दोन-तीन दिवससुद्धा. लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवा, स्लीप मोड बंद करा आणि डिस्कवर उशी-पांघरूण येऊ देऊ नका, ती तापते.

नक्कल झाली की शोध. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही एकाच ठिकाणची दोन फुकट आणि भरवशाची साधनं आहेत. टेस्टडिस्क नोंदवहीची हरवलेली पानं शोधतं. एनटीएफएस डिस्कमध्ये पहिल्या पानाची एक प्रत शेवटच्या टोकाला ठेवलेली असते, तिच्यावरून बऱ्याचदा सगळे फोल्डर नावासकट परत दिसतात. दिसले की ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. ‘राइट’ हा पर्याय मूळ डिस्कवर दाबू नका, दिसतंय तोवर कॉपी हाच शहाणपणा.

नोंदवही पार गेली असेल तर फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी ते व्हिडिओ, पीडीएफ, एक्सेल असं बरंच काही काढतं. ते नोंदी बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरावीक असते, ती ओळखून फाईल उचलतं. त्यामुळे फायलींची नावं आणि फोल्डर येत नाहीत, आकड्यांच्या नावांचा हजारो फायलींचा ढीग हातात पडतो. फोटो सहसा चांगले येतात. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पसरलेले असले तर अर्धवट निघतात. लग्नाच्या शूटिंगबाबत हे आधीच पार्टीला सांगून ठेवलेलं बरं.

बाकी विकतची सॉफ्टवेअरंही चांगली असतात. बरीचशी फुकट स्कॅन करून फायली दाखवतात आणि सेव्ह करताना पैसे मागतात. आधी फाईलची झलक उघडून दिसते का बघा, मग पैसे भरा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर शोधत बसू नका, त्याच्यातून येणारा व्हायरस उरल्यासुरल्या फायलीही कुलूपबंद करू शकतो.

चुकून फॉरमॅट मारलंच असेल तर ‘क्विक’ होतं की पूर्ण, हे आठवा. क्विक फॉरमॅट फक्त नवी नोंदवही ठेवतं, जुनं बरंचसं खाली शिल्लक असतं. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्य लिहून काढतं. त्यातून काही येत नाही, कुणी येतं म्हणाला तर पैसे देऊ नका.

एसएसडी असेल तर गणित वेगळं. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते, डिलीट झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. तिथं डिलीट झालेलं परत येण्याची आशा फार कमी.

स्वस्तात १६ टीबीची डिस्क म्हणून ऑनलाइन मिळते तिच्याबद्दलही थोडक्यात. आत साधं छोटं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा लिहिलेला असतो. खरी जागा संपली की पुढच्या फायलींची नुसती नावं दिसतात, आत काहीच साठलेलं नसतं. जे लिहिलंच गेलं नाही ते कोणती लॅब काढणार?

सीसीटीव्हीची डिस्क

ग्रामपंचायत, दूध डेअरी, दुकानं, सगळीकडं कॅमेरे आले. डीव्हीआरमधली डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर विंडोज ती इनिशियलाइज करायला सांगतं, कारण डीव्हीआरची नोंदवही वेगळ्या पद्धतीची असते. डिस्क चांगली असते, सांगेल ते करू नका. चोरी किंवा अपघात झाला असेल तर पहिलं काम रेकॉर्डिंग थांबवणं किंवा तेवढा भाग लगेच काढून घेणं. जागा भरली की डीव्हीआर जुन्यावर नवीन लिहीत जातो. पोलीस येईपर्यंत आठ-पंधरा दिवस गेले तर ती रात्र पुसून गेलेली असते.

लॅबकडं नेताना

टकटक करणारी, पडलेली, पाण्यात गेलेली डिस्क लॅबचंच काम. घरी उघडायची नाही, हवेतल्या धुळीचा एक कणही हेडच्या दृष्टीनं धोंडा असतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि होतं ते नुकसान वाढतं. तसल्याच डिस्कची सर्किट प्लेट काढून बसवण्याचा उपायही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या प्लेटवर तिच्यापुरती खास माहिती साठवलेली असते, ती नव्या प्लेटवर न्यावी लागते. काही कंपन्यांच्या डिस्क तर डबीतल्या सर्किटमध्येच कुलूपबंद होतात. आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घातली की सगळं अगम्य दिसतं. म्हणून डबी आणि सर्किट फेकू नका, डिस्कसोबतच द्या.

अशा लॅब पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आहेत. खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. देण्याआधी काही गोष्टी बोलून, जमल्यास लिहून घ्या. तपासणीचे किती? डेटा निघाला नाही तर पैसे घेणार का? विचारल्याशिवाय डिस्क उघडणार नाही ना? पैसे देण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का? वॉरंटीत डिस्क असेल तर कंपनी डिस्क बदलून देते, आतल्या फायलींची जबाबदारी सहसा घेत नाही. शिवाय जुनी डिस्क कंपनीकडं जमा होते, हे विसरू नका.

आपल्या डिस्कमध्ये काय काय आहे त्याचाही विचार करा. सेवा केंद्राच्या डिस्कमध्ये निम्म्या गावाचे आधार, पॅन, पासबुकाच्या प्रती असतात. खरं तर काम झाल्यावर त्या ठेवायलाच नकोत. घरच्या डिस्कमध्ये बायका-पोरींचे फोटो असतात. बाजारातल्या कुठल्याही टपरीवर अशी डिस्क रात्रभर सोडून येणं बरं नाही. डिस्क पाठवताना पाकिटात टाकून पाठवू नका, फोममध्ये गुंडाळून, शक्यतो स्वतः घेऊन जा.

सगळंच काढायची गरज आहे का?

पैसे खर्च करण्याआधी हा हिशेब मांडा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत पुन्हा मिळतो, खाते उतारा आणि फेरफारही निघतो. आधार पुन्हा डाउनलोड होतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, गाडीचं आरसी, लायसन्स डिजिलॉकरवर मिळतं. यासाठी लॅबला पैसे देण्यात अर्थ नाही.

फोटो-व्हिडिओचीही आधी चौकशी करा. मिक्सिंग करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर कच्चं शूटिंग पडलेलं असतं. अल्बम छापणाऱ्याकडं डिझाइनची फाईल असते. मुंबईच्या चुलत्यानं लग्नानंतर पेन ड्राइव्ह भरून नेलेला असतो. कॅमेऱ्याचं कार्ड त्यानंतर वापरलं नसेल तर त्याच्यावरही फोटोरेक चालतं. गुगल फोटोत बॅकअप चालू असेल तर डिलीट झालेले फोटोही तिथल्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. अशी गोळाबेरीज केली की शेवटी चार-दोन फोल्डरच उरतात, जे दुसरीकडं कुठंच नाहीत. लॅबवाल्याला तेवढ्यांची नावं सांगा, कारण खराब डिस्कमधून आधी काय काढायचं हे त्यालाही ठरवावं लागतं.

फायली मिळाल्या की लगेच जुनी डिस्क भंगारात देऊ नका. प्रत्येक महत्त्वाची फाईल उघडून बघा. फोटो पूर्ण दिसतो का, खाली राखाडी पट्टा तर नाही, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, एक्सेलमधले आकडे जागेवर आहेत का. सगळ्याची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी करा, एक स्वतःच्या घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी. मग जुन्या डिस्कवर चिठ्ठी लावा, ‘खराब, लावू नये’, तारीख घाला आणि कपाटात ठेवून द्या. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या फाईलची आठवण होते आणि ती यादीत राहून गेलेली असते.